पाठ झालेला तक्ता

"धंदा चष्म्याचा करता, आणि स्वतःच्या पोरीचा डोळा गेलेला कळला नाही तुम्हाला? इतकी वर्षं झोपले होते का?" डॉक्टर ओरडत होते. आवाज असा, की बाहेर बाकावर ओळीनं बसलेल्या मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांना जागच्या जागी दिसायला लागलं असावं. त्यातल्या एका आजोबांनी तर डोळ्यावरची हिरवी पट्टी वर करून आत डोकावून पाहिलं, हे मी शपथेवर सांगते. बाबा टेबलासमोर उभे होते. हातात शाळेतून आलेली चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी ते चौघडी करत, उलगडत, परत चौघडी करत होते. उंच खुर्चीवर माझी धाकटी बहीण शालू, अकरा वर्षांची. आल्यापासून ती पाय हलवत होती, ते तिनं थांबवले होते. मी दाराला टेकून उभी, सोळा वर्षांची, घरातली सगळ्यात बडबडी. त्या खोलीत डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

खरं म्हणजे बाबा तिथं भांडायला गेले होते. शाळेत मुलांचे डोळे तपासायला लोक आले होते. त्यांचा तक्ता निराळा. अक्षरं नाहीतच, नुसता तीन पायांचा इंग्रजी ई, कुठं पाय वर, कुठं खाली, कुठं आडवे. पोरांनी ओळखून तशी बोटं करून दाखवायची. शालूचा उजवा डोळा झाकला तर तिनं बोटं वरच केली नाहीत. मग चिठ्ठी घरी आली की डावा डोळा डॉक्टरांना दाखवा. बाबा चिठ्ठी वाचून हसले. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "शाळेतल्या मास्तरायले डोळ्यातलं काय समजते गा? माह्या घरात मी दरसाल नंबर काढतो." डॉक्टरांकडून त्या चिठ्ठीवर 'काही नाही' असं लिहून आणायचं आणि ती शाळेत नेऊन आपटायची, असा बेत होता. सोबत मलाही घेतलं, कारण भांडणात घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी हाताशी असलेली बरी.

आमचं दुकान गांधीबागेत, कापडवाल्यांच्या रांगेच्या शेवटी. समोर दुकान, मागं दोन खोल्या, त्या खोल्यांत आम्ही चौघं. लोकांच्या घरी सकाळ भांड्यांच्या आवाजानं होते, आमच्याकडे काच घासायच्या चाकानं व्हायची. डब्यातून चाकावर पाण्याची बारीक धार, आणि काच लागली की असा आवाज निघायचा की दाढेतून शिरून टाचेतून बाहेर पडावा. काचेचा पांढरा गाळ सगळीकडे. आई म्हणायची, या घरात मीठ कमी पडलं तरी चालते, वरून काच पडतेच. उन्हाळ्यात कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास, त्यात चाकाचा आवाज, त्यात आई पाट्यावर पाटवडीचा मसाला वाटतेय, त्यात मी बोलतेय. इतक्या आवाजात शालू कधी काही बोलली असेल तर ऐकू आलं नसेल, असं मी पुढं स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

बाबांच्या हातच्या काचेच्या गोष्टी मी गल्लीभर सांगायचे. कुहीच्या एका शेतकऱ्यानं आमच्या दुकानातून चष्मा नेला आणि बांधावर बसून समोरच्या बांधीतल्या धानाच्या लोंब्या मोजल्या. भिवापूरचा मिरचीवाला चष्मा लावून घरी गेला तर त्याला मिरचीच्या आतलं बी दिसायला लागलं, बाहेरून. एका कापडशेटला आपल्याच दुकानातल्या साड्यांचा रंग प्रथम कळला आणि तो आठ दिवस जेवला नाही. बाबा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण एकदा मी भिवापूरच्या मिरचीवाल्याची गोष्ट चुकवली, तर आतून म्हणाले, "बी दिसलं होतं त्याले." म्हणजे ऐकत होते.

त्यांचा एकच हट्ट. काच म्हणजे काच. तेव्हा प्लास्टिकची भिंगं नुकती येऊ लागली होती, हलकी, न फुटणारी. गिऱ्हाईक विचारायचं. बाबा त्याच्यासमोर साधी काच ठेवायचे, दोन नंबरांची ठेवायचे, वर लांबचं आणि खाली जवळचं, उन्हात आपोआप काळी पडणारी ठेवायचे, आणि प्लास्टिकचं नाव निघालं की म्हणायचे, प्लास्टिकची बादली असते, मग असतो, डोळ्यासमोर मोरीतलं सामान कशाले लावता? गिऱ्हाईक हसून काच घ्यायचं.

परवा माझा स्वतःचा चष्मा बदलायला गेले होते. गारठा असलेलं दुकान, भिंतीभर दिवे. एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. आत एक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. फुगा धूसर झाला, स्पष्ट झाला, आणि यंत्रानं नंबर छापून हातात दिला. वाचायचं काही नाही, म्हणजे पाठ करायचंही काही नाही. मग तिथली मुलगी सांगू लागली, आंटी, प्रोग्रेसिव्ह की बायफोकल, अँटी ग्लेअर, ब्लू कट, ओरखडा न पडणारं, पाणी न धरणारं. लग्नाच्या पंगतीत एवढे पदार्थ नसतात. मी म्हटलं, पोरी, सगळंच वाढ थोडं थोडं. ती हसली. मी त्या यंत्राकडेच पाहत राहिले. आमच्या घरी हे असतं तर, असं मनात आलं, आणि तिला मला पाणी आणून द्यावं लागलं.

आमच्या घरी दसरा असा असायचा. सकाळी चाकाची पूजा. चाकाला झेंडूची माळ, भिंगांच्या पेटीला हळदकुंकू, चिमट्यांना, पक्कडीला सगळ्यांना. दुपारी पुरणपोळी. आणि संध्याकाळी आपट्याची पानं वाटण्याआधी बाबा घरातल्या प्रत्येकाचे डोळे तपासायचे. हत्यारांची पूजा झाली, आता त्या हत्यारांचं काम घरच्यांवर, असा त्यांचा हिशोब. दुकानाच्या मागच्या भिंतीवर तक्ता टांगलेला, मराठी अक्षरांचा. वर हत्तीएवढा 'ग', खाली उतरत उतरत शेवटी मुंगीएवढी सात अक्षरं. एक डोळा झाकून वाचायचं, मग दुसरा. जो शेवटची ओळ सगळ्यात झरझर वाचेल त्याला संत्रा बर्फीचा मोठा तुकडा. बाबांना त्यात केवढा अभिमान. चष्म्याच्या घरात एकालाही चष्मा नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आता मी काय केलं ते सांगते. आतापर्यंतच्या गोष्टींना मी थोडं मीठमसाला लावलाय, तुम्ही ओळखलंच असेल. हे मात्र जसं झालं तसं आहे.

त्या तक्त्याखाली बसून मी अभ्यास करायचे, त्याच्याखाली वेण्या घालून घ्यायचे. तक्ता मला पाठ होता, उलटासुद्धा. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, तर त्यातल्या एका चालीवर मी अख्खा तक्ता बसवला, 'ग'पासून मुंगीच्या ओळीपर्यंत, मध्ये टाळ्या घालून. शालूला तो शिकवला. ती तेव्हा पाच वर्षांची. आठ दिवसांत तिला असा पाठ झाला की झोपेत म्हणेल. त्या दसऱ्याला तिनं दोन्ही डोळ्यांनी वाऱ्यासारखा वाचून दाखवला, टाळ्या तेवढ्या गाळल्या. बाबांनी तिला उचलून घेतलं. बर्फीचा मोठा तुकडा तिला मिळाला आणि त्यातला अर्धा, ठरल्याप्रमाणे, मला. पुढं दरवर्षी तेच.

एवढंच असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, कूलरसमोर आम्ही दोघी लोळत होतो. शालूनं हातानं उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हात काढला, मग परत झाकला.

"ताई, हा झाकला का तू पुसून जातं," ती म्हणाली. "तुहं नाक नाही दिसत."

मी नुसती हाक मारली असती तरी बाबांना ऐकू गेली असती, ते भिंतीपलीकडेच होते. पण मला त्या क्षणी गोष्ट सुचली. मला नेहमीच सुचते, तो माझा रोग आहे. मी तिला म्हटलं, सगळ्या माणसांचं असंच असतं. एक डोळा ड्युटीवर, एक सुट्टीवर. दोघं रोज काम करतील तर म्हातारपणी पाहायला काय उरेल? तिनं विचारलं, बाबाचं बी? मी म्हटलं, बाबाचं बी, आईचं बी, गांधीबागेतल्या सगळ्या शेटायचं बी. ती विचार करू लागली. मग मी गोष्टीला शेवट लावला, कारण शेवटाशिवाय गोष्ट सोडायची मला सवय नाही.

"पण हे कोणाले सांगायचं नसते," मी म्हटलं. "सांगितलं का सुट्टीवरचा डोळा रुसून कायमचा निघून जाते."

तिनं मान हलवली. पाच वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नाही. पाणी ओतताना धार गिलासाच्या बाजूला पडायची, आई धांदरट म्हणून धपाटा घालायची. जिन्याच्या शेवटच्या पायरीला ती दरवेळी अडखळायची. चेंडू झेलायला हात पुढं करायची आणि चेंडू कपाळावर बसायचा. पोरं हसायची, मीही हसायचे. डोळा वाकडा नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं. कोणाला काय कळणार. माझं मी तर दुसऱ्या दिवशीच विसरले होते. ती विसरली नव्हती.

डॉक्टर ओरडून थकले तेव्हा खाली बसले आणि हळू आवाजात सांगू लागले, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाले, डोळा तसा चांगला आहे. पण जन्मापासून त्याचा नंबर मोठा, दुसऱ्याचा शून्य. त्यामुळं मेंदूनं चांगल्या डोळ्याचंच ऐकलं आणि या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलं. सहासात वर्षांची असताना आणली असती, चष्मा लावून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली असती, तर हा डोळा शिकला असता. आता कोणतंही भिंग लावा, उपयोग नाही. बाबांनी विचारलं, कोणतंच? डॉक्टर म्हणाले, कोणतंच. मग कागदावर लिहून दिलं. हिला आता एकच डोळा आहे असं समजा, तो जपा. जन्मभर चष्मा, न फुटणाऱ्या भिंगाचा, नंबर नसला तरी. काच नको. काच फुटून त्या डोळ्यात गेली तर ही आंधळी.

घरी आईनं गोळाभात केला होता, वरून फोडणीचं तेल घालायला वाटी तयार ठेवली होती. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं. आई वाटी हातात घेऊन बसली ती बसलीच, तेल गार झालं.

रविवारी दुपारी बाबांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि शालूला तक्त्यासमोर बसवलं. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. बसला असेल, पण पेटीतल्या भिंगांवर जास्त होता. तपासणीची जड गोल चौकट तिच्या नाकावर चढवली, उजव्या बाजूला काळी चकती घातली, आणि डावीकडे एकेक भिंग घालू लागले. हे बरं का आधीचं? सारखंच हाये. आता? सारखंच. पेटीतली रांग संपली, दुसरी सुरू झाली. भिंगावर भिंग चढवलं, फिरवून पाहिलं. चौकटीच्या वजनानं तिच्या नाकावर लाल वळ उठले होते. बाबांच्या कपाळावरून घाम त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात जात होता आणि ते पुसत नव्हते. इतकी पडलेली मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती. शालूनंही ती पाहिली असावी, चौकट उचलून नीट बसवताना, चांगल्या डोळ्यानं.

पुढचं भिंग बसल्यावर ती एकदम म्हणाली, "दिसते, बाबा."

"काय दिसते?"

आणि ती वाचू लागली. 'ग'. मग दुसरी ओळ, तिसरी. बाबांनी आईला हाक मारली. आई आतून पिठाच्या हातांनी धावत आली, आणि घाईत नेमकी तक्त्यासमोर येऊन उभी राहिली, शालूकडे तोंड करून. शालू वाचतच होती. चौथी ओळ, पाचवी. आईच्या पदरावर एकही अक्षर नव्हतं. शालूनं आईच्या आरपार मुंगीएवढ्या ओळीपर्यंत सगळा तक्ता वाचला, न चुकता. दोन ओळींच्या मध्ये, जिथं टाळी होती, तिथं ती जरा थांबत होती. ते थांबणं मला ओळखू येत होतं. आई हसत रडत होती. बाबा आईकडे पाहत होते, आई उभी होती त्या जागेकडे.

"बस कर वं माय," बाबा म्हणाले आणि चौकट काढून घेतली.

त्या दिवसानंतर त्यांनी कोणाचाही नंबर काढला नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, आधी डॉक्टरकडून कागद आणा. लोक कुरकुरायचे, काही दुसऱ्या दुकानात गेले. दसऱ्याला चाकाची पूजा व्हायची आणि तिथंच संपायची. शालू पुढं शिकली, शिक्षिका झाली, भिवापूरला दिली तिला. आता तीही निवृत्त आहे. चहा ओतते तेव्हा किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवते, मग ओतते. पाहुण्यांना वाटतं ही बाई किती जपून वाढते.

तर तिचा तो पहिला चष्मा. बाबांनी न फुटणारी भिंगं मागवली, त्यांच्या दुकानातली पहिली. उजवीकडे बिननंबरी. डावीकडे उपयोग नसलेलं, पण उजव्याच्या जाडीचं, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे सारखे दिसावेत. धंद्यात तशी रीतच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड ते करायचे तसं शालूचंही केलं. उजव्या डोळ्यासमोर शून्य घातलं, डाव्यासमोर बराच वेळ पेन धरलं आणि आडवी रेघ ओढली.

मग चाकावर बसले. प्लास्टिक चाकाला लागलं तर तो ओळखीचा आवाज आलाच नाही. नुसतं घरघरलं, आणि जळक्या कंगव्यासारखा वास घरभर पसरला. भिंगाच्या कडेनं दोरे निघत होते, ते बाबा नखानं काढत होते. काचेचं काम त्यांनी डोळे मिटून केलं असतं, हे शिकाऊ माणसासारखं वाकून करत होते. आई शालूला घेऊन देवळात गेली होती. घरात आम्ही दोघंच.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तक्ता मी बसवला होता, भुलाबाईच्या चालीवर. मीच शिकवला. तिनं मला सांगितलं होतं की ताई, तू पुसून जातं, आणि मी तिला असं असं म्हटलं. ड्युटी, सुट्टी, सांगितलं का निघून जाते, सगळं. जसं झालं तसं. एक शब्द वाढवला नाही, कमीही केला नाही. एवढी लहान गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर मी वाट पाहत राहिले. त्यांनी मला मारावं, असं मला मनापासून वाटत होतं. पक्कड हाताशीच होती.

बाबांनी चाक थांबवलं. भिंग उजेडात धरून त्याची कड पाहिली, अंगठ्यानं पुसली.

"तपासणारा मी होतो," ते म्हणाले.